बोनेटखालची पेटी

पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जे काही अंथरलेले असते, त्यात गाड्यांच्या भागांचा एक ढीग हमखास असतो. कार्बोरेटर, जुनी कॉइल, तुटके आरसे, मीटर. अशाच एका ढिगात मला काही वर्षांपूर्वी ॲल्युमिनियमची एक चपटी पेटी सापडली. आकार साधारण खिशात मावणाऱ्या डायरीएवढा. पाठीवर उष्णता बाहेर टाकण्यासाठी पन्हळी, एका टोकाला पिनांची दाट रांग असलेले तोंड, दोन बाजूंना भोके पाडलेले दोन कान. एका कानाला वाकवलेल्या लोखंडी पट्टीचा तुकडा स्क्रूसकट अजून चिकटलेला होता. विकणाऱ्याच्या मते ते रेडिओचे काहीतरी होते आणि त्याने रेडिओच्या भंगाराचाच भाव लावला. ते रेडिओचे नव्हते. पेट्रोलवरची मोटार एलपीजीवर चालवण्यासाठी जे किट बसवतात, त्याची ती नियंत्रक पेटी होती. गॅरेजात तिला ‘ईसीयू’ म्हणतात, काही जुने मिस्त्री नुसते ‘कंप्युटर’ म्हणतात.

गॅसवर चालणाऱ्या गाड्यांविषयीचे कागद जमवण्याचा मला नाद आहे. किटबरोबर येणारी जोडणीची पत्रके, हमीची पुस्तके, परिवहन कार्यालयाचे फॉर्म, आणि कागदांपेक्षा जास्त म्हणजे मिस्त्रींच्या तोंडच्या आठवणी. इंजिनांचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. या पेटीचा इतिहास मराठीत कोणी लिहिल्याचे माझ्या वाचनात नाही. तो लिहावासा वाटण्याचे कारण सरळ आहे. पेट्रोलसाठी घडवलेल्या इंजिनाला गॅस पाजायचा, तर दर क्षणाला किती पाजायचा हे कोण ठरवणार? हा प्रश्न आधी माणसाच्या हातात होता, मग त्याच्या कानात आला, आणि शेवटी या पेटीत गेला. या प्रवासात माणसे भाजलीही आहेत.

आधी गॅसविषयी दोन शब्द. एलपीजी म्हणजे प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचे मिश्रण. अमेरिकेच्या खाण विभागातले रसायनतज्ज्ञ वॉल्टर स्नेलिंग यांनी १९१० साली पेट्रोलमधून उडून जाणाऱ्या वाफांचा शोध घेताना प्रोपेन वेगळा काढला, तिथून याची गोष्ट सुरू होते. दाबाखाली हे वायू द्रव होतात आणि टाकीत द्रव म्हणूनच राहतात. दाब सुटला की सुमारे अडीचशे पट फुगून वायू होतात. पण वायू व्हायला त्यांना उष्णता लागते, आणि ती ते आजूबाजूची सगळी ओढून घेतात. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, ब्युटेन शून्याच्या जरासे खाली. म्हणून गॅसच्या गाडीत ‘रिड्यूसर’ नावाचा एक भाग असतो. इंजिनाचे गरम पाणी त्यातून खेळवतात, त्या उबेवर द्रवाचा वायू होतो आणि दाबही उतरतो. हे पाणी फिरले नाही तर रिड्यूसर बाहेरून बर्फाने पांढरा पडतो आणि गाडी आचके देते. तो रेडिएटरच्या पाण्याच्या पातळीखाली बसवायचा असतो, नाहीतर त्यात हवा अडकते. हे पत्रकांत लिहिलेले असते आणि गॅरेजात विसरले जाते.

आपल्याकडे गॅसची गाडी एलपीजीच्या फार आधी आली. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोलचे रेशनिंग झाले तेव्हा खाजगी मोटारवाल्यांनी बसच्या पाठीमागे लोखंडी पिंप बसवले आणि त्यात लोणारी कोळसा पेटवून निघणाऱ्या वायूवर गाड्या चालवल्या. ज्यांच्या घरात ऐंशी-नव्वदीतली माणसे आहेत त्यांनी ‘कोळशाची मोटार’ हा शब्द ऐकलेला असेल. क्लीनरने पंखा फिरवून निखारा फुलवायचा, वायू नीट पेटतो की नाही हे पाहायचे, मग इंजिन चालू करायचे. चढ आला की उतारूंनी खाली उतरायचे. युरोपात जॉर्ज इम्बर्ट यांच्या लाकूड-वायूच्या भट्टीवर युद्धकाळात अशा गाड्या प्रचंड संख्येने चालल्या. या गाड्यांत मिश्रणाचे नियंत्रण पूर्णपणे ड्रायव्हरच्या हातात होते. अक्षरशः हातात: हवेची झडप उघडण्या-मिटण्याचा दांडा त्याच्यासमोर असे आणि कोळसा ओला, सुका, ताजा, विझत आलेला यांप्रमाणे तो वाटभर हलवावा लागे. चांगला ड्रायव्हर म्हणजे ज्याला तो दांडा कळला तो. युद्ध संपले, पेट्रोल आले, आणि ते कौशल्य कोणी जपून ठेवले नाही. ठेवण्यासारखेही फारसे नव्हते. धुराने डोके धरत असे आणि कार्बन मोनॉक्साइड जीवही घेई.

एलपीजी मोटारीत रुळवला तो मुख्यतः इटलीने आणि हॉलंडने. इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यात जमिनीखालचा नैसर्गिक वायू होता आणि तो बाटल्यांत भरून मोटारी चालवण्याची सवय युद्धाआधीच लागलेली होती. युद्धानंतर तेलशुद्धीकरण वाढले तसा एलपीजी हा स्वस्त जोडपदार्थ हाताशी आला. रेज्जो एमिलिया या गावात १९५४ साली ‘लांदी रेन्झो’ ही कंपनी निघाली; पुढे ‘लोवातो’, ‘बीआरसी’, ‘तार्तारिनी’ अशी नावे त्याच उत्तर इटलीतून आली. आपल्याकडच्या गॅरेजांत ही नावे आजही सर्रास ऐकू येतात, उच्चार मात्र अस्सल मराठी वळणाचे. ‘लोवाटो’चा रिड्यूसर मागणाऱ्या कोल्हापूरच्या रिक्षावाल्याला आपण एका इटालियन कुटुंबाचे आडनाव घेतो आहोत याची कल्पना असायचे कारण नाही.

या पहिल्या पिढीच्या किटमध्ये पेटी नव्हतीच. कार्बोरेटरच्या घशात मिक्सर नावाची एक कडी बसवायची. इंजिन हवा ओढते तेव्हा त्या अरुंद जागी दाब कमी होतो, आणि जितकी हवा जास्त तितका गॅस आपोआप जास्त ओढला जातो. नळीवर एक स्क्रू मोठ्या चालीसाठी, रिड्यूसरवर एक स्क्रू रिकाम्या चालीसाठी. बस्स. डॅशबोर्डवर तीन खटक्यांचा एक स्विच असे: एका बाजूला पेट्रोल, दुसऱ्या बाजूला गॅस, आणि मध्ये काहीच नाही. हा मधला खटका मला फार आवडतो. पेट्रोलवरून गॅसवर जाताना कार्बोरेटरच्या वाटीत उरलेले पेट्रोल आधी संपवावे लागे. ते न संपवता गॅस सोडला तर दोन्ही इंधने एकदम जात आणि गाडी गुदमरे. म्हणून ड्रायव्हर मधल्या खटक्यावर थोडे अंतर गाडी चालवी आणि इंजिन मरायला लागले, पहिला आचका बसला, की पटकन गॅसवर टाकी. तो आचका कधी येणार हे पायाला कळावे लागे.

मिस्त्रीचे काम कानाचे. प्रोपेनच्या एका भागाला वजनाने सुमारे साडेपंधरा ते पावणेसोळा भाग हवा लागते, पेट्रोलला पावणेपंधरा. हा हिशेब कोणी करत नसे. इंजिन तापवायचे, स्क्रू आत घेत जायचे, आवाज जड झाला की अर्धा फेरा मागे. सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरून धाप नियमित आहे का पाहायचे. एका वृद्ध मिस्त्रींनी मला सांगितले होते की गॅसची गाडी ‘कोरडी’ वाजते, पेट्रोलची ‘ओली’. यंत्रशास्त्रात याला काय म्हणतात कोणास ठाऊक, पण नंतर मी कान देऊन ऐकले तेव्हा मला तो फरक कळल्यासारखा वाटला. या पद्धतीची अडचण एवढीच की स्क्रू एकदाच लावला जातो आणि गाडी तर खंबाटकीच्या घाटातही चालते, लक्ष्मी रोडच्या गर्दीतही आणि नागपूरच्या मे महिन्यातही. एक स्क्रू या सगळ्यांना पुरा पडत नाही. कुठे गॅस जास्त, कुठे कमी. जास्त झाला की ॲव्हरेज जाते, कमी झाला की व्हॉल्व्ह आणि त्यांच्या बैठकी तापून झिजतात.

भारतातल्या एलपीजीच्या गाड्यांचा इतिहास मात्र या रीतसर किटने सुरू होत नाही. तो स्वयंपाकघरातून सुरू होतो. १९५० च्या दशकाच्या मध्यात मुंबईत घरगुती गॅस आला, साठीनंतर तो देशभर पसरत गेला, आणि त्यावर सरकारी अनुदान होते. पेट्रोल महाग, गॅस स्वस्त, आणि मारुतीच्या व्हॅनमध्ये मागे भरपूर जागा. नव्वदीच्या दशकात शाळेच्या मुलांना नेणाऱ्या कितीतरी व्हॅनच्या मागच्या बाजूला १४.२ किलोचा लाल सिलिंडर पोत्याखाली झाकलेला असे. हे बेकायदा होते आणि सगळ्यांना माहीत होते. घरगुती सिलिंडर हा वरच्या अंगाने वाफ देण्यासाठी केलेला असतो. त्यातून इंजिनाच्या वेगाने वाफ ओढली की आतला द्रव थंड पडतो, सिलिंडरवर दव आणि मग बर्फ धरतो, दाब उतरतो. मोटारीच्या टाकीला असते तशी ऐंशी टक्क्यांवर भरणे थांबवणारी, नळी तुटली तर गॅस अडवणारी, इंजिन थांबले की वाट बंद करणारी अशी कुठलीच झडप त्याला नाही. गॅस हवेपेक्षा जड, प्रोपेन दीडपट आणि ब्युटेन दुप्पट. गळाला तर तो वर उडून जात नाही. गाडीच्या तळाशी, पायांपाशी साचतो. हवेत दोन-सव्वादोन टक्के प्रोपेन झाला की ठिणगीची वाट पाहायची. या व्हॅन पेटल्याच्या बातम्या त्या काळात वर्तमानपत्रांत येत आणि दुसऱ्या दिवशी तीच व्यवस्था दुसऱ्या व्हॅनमध्ये चालू राही.

कायद्याने दार उघडले ते २००० साली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये त्या वर्षी दुरुस्ती झाली आणि दुसऱ्या इंधनावर गाडी चालावी म्हणून रूपांतराचे किट बसवणे नियमांच्या चौकटीत मान्य झाले. त्यात बॅटरी, सीएनजी, सौरशक्ती यांच्याबरोबर एलपीजीचाही उल्लेख आला. २००१ मध्ये वाहनांतील एलपीजीच्या वापराचे नियमन करणारा स्वतंत्र आदेश निघाला. मोटारीसाठीचा गॅस वेगळा, पंप वेगळा, टाकी ठरलेल्या मानकाची, आणि घरगुती सिलिंडर गाडीला लावणे स्पष्टपणे गुन्हा. किटची तपासणी आपल्या पुण्याच्या वेताळ टेकडीवरील ‘एआरएआय’सारख्या संस्थांकडे. मुंबईने पुढे प्रामुख्याने सीएनजीची वाट धरली. तिथे महानगर गॅस कंपनी १९९५ पासूनच होती आणि न्यायालयाच्या रेट्याने जुन्या टॅक्सी त्या वायूवर आल्या. सीएनजीच्या वाहिन्या जिथे पोहोचल्या नव्हत्या तिथे एलपीजीला वाव होता. बंगळूरच्या आणि पुढे कोलकात्याच्या रिक्षा एलपीजीवर गेल्या; आपल्याकडे पुण्या-कोल्हापुराकडच्या रिक्षांनीही तो बरीच वर्षे चालवला.

इथे एक गोष्ट घडली जिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. ज्या एक-दोन वर्षांत किट कायदेशीर झाले, नेमक्या त्याच काळात आपल्याकडच्या मोटारीतून कार्बोरेटर गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९९ च्या एप्रिलमध्ये दिल्ली परिसरातल्या नव्या खाजगी मोटारींना ‘युरो-दोन’ची अट घातली, आणि पाठोपाठ मारुती ८०० सारख्या साध्या गाडीतही कंप्युटरने चालणारे इंजेक्शन आले. म्हणजे स्क्रूने लावायचे किट बसवण्याची परवानगी मिळाली तेव्हा ते ज्यावर बसवायचे ते इंजिनच बदललेले होते. युरोपला हा बदल पचवायला वीस-पंचवीस वर्षे मिळाली होती. आपल्या मिस्त्रीला तो एका दिवाळीपासून पुढच्या दिवाळीपर्यंत पचवावा लागला. काल लाल सिलिंडरला नळी जोडणारा माणूस आज लॅपटॉपसमोर बसला.

युरोपातली ती वीस वर्षे कशी गेली ते थोडक्यात सांगतो, कारण पेटी तिथेच जन्मली. १९७६ साली व्होल्वोच्या गाडीत बॉशचा ‘लॅम्डा सेन्सर’ आला. सायलेन्सरच्या नळीत बसून धुरात प्राणवायू उरला आहे की नाही हे तो विजेच्या भाषेत सांगतो: मिश्रण दाट असेल तर ०.९ व्होल्टच्या आसपास, पातळ असेल तर ०.१ च्या. हे ऐकून इंजिनाचा कंप्युटर पेट्रोल कमी-जास्त करतो. आता गॅस या गाडीला लावायचा तर गॅसनेही तेच ऐकायला हवे. म्हणून एक छोटी पेटी आली. ती लॅम्डा सेन्सरचा आवाज ऐके आणि नळीवरच्या स्क्रूच्या जागी बसवलेली एक लहानशी मोटर पुढे-मागे करी. मिस्त्रीचा अर्धा फेरा आता सेकंदाला कितीतरी वेळा आपोआप फिरू लागला.

पण या पहिल्या पेट्यांना खोटे बोलावे लागे. गॅसवर चालताना पेट्रोलचे इंजेक्टर बंद करायचे, तर गाडीचा मूळ कंप्युटर ‘इंजेक्टर तुटले’ म्हणून दिवा लावतो. मग गॅसची पेटी त्याला इंजेक्टरऐवजी एक खोटा भार दाखवी. लॅम्डाचा खरा निरोप पेटी स्वतः घेई आणि मूळ कंप्युटरकडे एक बनावट निरोप पाठवी, दाट-पातळ-दाट-पातळ, सगळे क्षेम आहे अशा सुरात. एका बोनेटखाली दोन कारभारी, आणि एकाने दुसऱ्याला झोपवून ठेवलेले. हे फार काळ चालण्यासारखे नव्हते. त्यातच दुसरी अडचण उभी राहिली. मिक्सर तोंडाशी असल्याने हवा आत नेणारा सगळा मॅनिफोल्ड पेटण्याजोग्या मिश्रणाने भरलेला राही. पूर्वीचे मॅनिफोल्ड धातूचे होते. एखादा बॅकफायर झाला तर दणका होई आणि गाडी पुढे जाई. नव्या गाड्यांत ते प्लास्टिकचे आले. दणक्याबरोबर फुटू लागले.

या दोन्ही अडचणींवरचे उत्तर म्हणजे नव्वदीच्या अखेरीस आलेली आजची पद्धत. प्रत्येक सिलिंडरला गॅसचा वेगळा इंजेक्टर, अगदी झडपेच्या तोंडाशी, म्हणजे मॅनिफोल्डमध्ये मिश्रण साचतच नाही. आणि पेटीची भूमिका उलटली. ती मूळ कंप्युटरला आता झोपवत नाही, त्याचेच ऐकते. तो पेट्रोलच्या इंजेक्टरला म्हणतो, ‘रिकाम्या चालीवर तीनेक मिलिसेकंद उघड.’ तो हुकूम पेटी वाटेत अडवते, गॅसचा दाब किती, तो किती गरम आहे, मॅनिफोल्डमधला दाब किती हे पाहते, एका गुणकाने गुणते आणि तेवढा वेळ गॅसचा इंजेक्टर उघडते. हे दुभाष्याचे काम आहे. गाडी सकाळी पेट्रोलवरच सुरू होते. रिड्यूसरचे पाणी तीस-चाळीस अंशांपर्यंत तापले की पेटी स्वतः गॅसवर नेते. तो मधला खटका, तो पहिला आचका, सगळे गेले. स्विचवर आता चार हिरवे दिवे आणि एक लाल.

मग मिस्त्रीसाठी काय उरले? उरली ती बसवणूक. माझ्याकडच्या जवळजवळ सगळ्या पत्रकांत पेटी बसवण्याविषयी एक परिच्छेद असतो, बहुतेक ठिकाणी जेमतेम सात-आठ ओळींचा, सोबत एक चित्र आणि त्यावर फुल्या मारलेली दोन-तीन चित्रे. पेटी उभी बसवा, तारांचे तोंड खाली. सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून दूर. प्लगच्या जाड तारा आणि कॉइल यांच्यापासून दूर. पाणी पडणार नाही अशा जागी. अर्थिंग थेट बॅटरीच्या ऋण टोकाला. तारा पिळून टेप न गुंडाळता डाखून त्यावर आकसणारी नळी चढवा. फ्यूज बॅटरीजवळ. गाडीला वेल्डिंग करायचे तर आधी पेटीचे तोंड काढा.

हा परिच्छेद वाचायला दोन मिनिटे लागतात आणि तो पाळायला मिस्त्रीचे अर्धे आयुष्य. तोंड खाली का, याचे उत्तर पाण्यात आहे. पाणी तारेवरून घरंगळत येते. तोंड वर असेल तर ते थेट पिनांत उतरते, पेटी कितीही रबराने बंद केलेली असो. तोंड खाली असेल आणि तारेला तिथे एक झोळ दिला असेल तर थेंब झोळाच्या तळाशी लोंबतो आणि गळून जातो. अंगणात कपडे वाळत घालायची तार बांधणाऱ्याला हे सांगावे लागत नाही. कॉइलपासून दूर का? कारण प्लगला जाणाऱ्या ठिणगीचा दाब हजारो व्होल्टचा असतो आणि पेटी जे ऐकते ते एका व्होल्टच्या आतले. शेजारी ढोल वाजत असताना कानगोष्ट ऐकण्यासारखे. अर्थिंग बॅटरीलाच का? जिथे सोयीचे तिथे बोनेटच्या पत्र्याला अर्थिंग दिले तर त्या पत्र्याच्या रंगामुळे, गंजामुळे थोडासा विद्युतदाब तिथे खाल्ला जातो. पेटी मापत असलेली प्रत्येक गोष्ट तेवढी चुकते आणि गुणाकार चुकीचा येतो. गाडी बंद पडत नाही, नुसती वाईट चालते, आणि दोष गॅसला जातो.

इटालियन पत्रकांत नसलेल्या दोन गोष्टी आपल्या मिस्त्रींनी शोधल्या. एक पावसाची. काचेखालच्या जाळीतून येणारे पाणी आपल्या पावसाळ्यात बोनेटखाली नेमके कुठून उतरते हे गाडीगणिक वेगळे असते, आणि चांगला मिस्त्री आधी मगभर पाणी काचेवर ओतून ते पाहतो, मग जागा ठरवतो. दुसरी उंदरांची. रात्री गरम बोनेटखाली उंदीर येतात आणि नव्या तारांचे आवरण कुरतडतात. म्हणून इथे तारांवर कडक पन्हळी नळी चढवायची पद्धत पडली, शिवाय काहीजण पेटीच बोनेटखालून काढून डॅशबोर्डच्या आत बसवतात. तिथे पाणी नाही, उंदीर कमी, पण तारा लांब आणि पत्र्याला नवे भोक. त्या भोकाला रबराची कडी बसवली नाही तर पत्र्याची धार दोन वर्षांत तार कापते. प्रत्येक उपायाला स्वतःचा अपाय असतो.

मी हे इतक्या तपशिलाने लिहितो त्याला माझ्या स्वतःच्या व्हॅनचाही थोडा संबंध आहे. किट बसवून घेतले तो महिना मार्चचा. गाडी झकास चालली. जूनमध्ये पहिल्या मोठ्या पावसात ताम्हिणीच्या उतारावर ती गॅसवरून पेट्रोलवर, पेट्रोलवरून गॅसवर स्वतःच उड्या मारू लागली आणि एका वळणावर साफ बंद पडली. मागे घरचे पाच जण, त्यांत दोन लहान मुले, आणि पाठीमागून ट्रक. हातब्रेकवर गाडी आवरली. बोनेट उघडले तर पेटी बॅटरीशेजारी आडवी टाकलेली, तोंड वर, आणि पिनांत हिरवट पाणी. ज्याने बसवली त्याला मी पुढे विचारले. तो म्हणाला, ‘साहेब, तिथे भोक आयतं होतं.’ मला राग यायला हवा होता. पण या धंद्यात एका गाडीमागे किती पैसे सुटतात हे मला तोवर कळले होते, आणि ‘भोक आयतं होतं’ हे वाक्य त्या हिशेबातून आले होते.

पेटीच्या बसवणुकीकडे मी नुसत्या ॲव्हरेजचा प्रश्न म्हणून पाहत नाही. रीतसर किटमध्ये गॅसची वाट बंद करणारीही तीच असते. टाकीवरची आणि रिड्यूसरजवळची विजेची झडप उघडी ठेवायची की मिटायची हे पेटी ठरवते, आणि इंजिनाचे फेरे थांबल्याचे कळताच ती झडपा मिटते. अपघातात किल्ली तशीच राहिली तरी. लाल सिलिंडरवाल्या व्हॅनमध्ये नेमके हेच नव्हते. टाकीच्या सुरक्षेचा धडा युरोपनेही सहज गिरवलेला नाही. ३१ जानेवारी १९९९ ला फ्रान्समध्ये लिऑनजवळच्या व्हेनिस्यू इथे पेटवून दिलेली एक मोटार विझवायला अग्निशमन दलाचे जवान गेले. ती एलपीजीची होती. तिच्या टाकीला दाब सोडणारी झडप नव्हती, कारण तेव्हाच्या फ्रेंच नियमांत तिची सक्ती नव्हती. टाकी फुटली, सहा जवान गंभीर जखमी झाले. त्यानंतर फ्रान्सने ती झडप सक्तीची केली, आणि युरोपीय नियमही कडक झाले. आपला २००१ चा आदेश यानंतर दोनच वर्षांनी आला, आणि आपल्या टाक्यांना ती झडप पहिल्यापासून मिळाली. एवढ्या बाबतीत उशिरा येण्याचा आपल्याला फायदाच झाला.

तेव्हापासून पेटी शहाणी होत गेली आहे. २०१३ नंतरच्या आपल्या गाड्यांत इंजिनाची प्रकृती आतूनच तपासणारी व्यवस्था अधिक पक्की झाली, आणि नव्या पेट्या त्या व्यवस्थेशीच बोलतात. मूळ कंप्युटर पेट्रोलच्या हिशेबात किती दुरुस्ती करतो आहे ते वाचून स्वतःचा गुणक सुधारतात. २०२० मध्ये ‘भारत स्टेज सहा’ आले आणि नव्या गाड्यांना बाहेरून किट लावण्याचा रस्ता काही काळ बंदच होता. २०२२ मध्ये केंद्र सरकारने साडेतीन टनांखालच्या गाड्यांसाठी तो पुन्हा उघडला. तोवर सीएनजी गावोगाव पोहोचला होता. ज्या गॅरेजात मी पंधरा वर्षांपूर्वी एलपीजीच्या पेट्या रांगेने बसताना पाहिल्या, तिथे आता सीएनजीचे काम चालते. पेटी तीच, गुणक वेगळा. आडवी टाकली तर पाणीही तसेच शिरते.

जुन्या बाजारातली पेटी मी त्या वृद्ध मिस्त्रींकडे नेली. त्यांना आता कमी दिसते. त्यांनी ती उलटीपालटी केली नाही, थेट त्या वाकवलेल्या पट्टीवर अंगठा फिरवला. पट्टी कारखान्यातली नव्हती, कुठल्यातरी गॅरेजात पत्रा कापून केलेली होती. दोन ठिकाणी वाकवून पेटी पत्र्यापासून बोटभर अंतरावर उभी राहील अशी. कडा कानशीने मारलेल्या होत्या. तोंडाच्या पिना मी घरी स्पिरिटने पुसून पाहिल्या होत्या. एकही हिरवी पडलेली नव्हती. ‘पेटी आतून गेलेली दिसते,’ ते म्हणाले, ‘पण बसवली होती कुणीतरी नीट.’ मग त्यांनी विचारले की मला ती पट्टी ठेवायची आहे का, कारण नसेल तर त्यांना एका गाडीसाठी नेमकी तेवढीच हवी होती. मी स्क्रू काढून पट्टी त्यांना दिली आणि पेटी घरी आणली.